प्लग पाना

निरगुडसरच्या अमृतला एक खोड होती. कुठंही जायचं म्हटलं की बायकोची पिशवी भरून व्हायच्या आत ह्याची पान्यांची पिशवी दारात तयार. गाडी जुनी, दुसऱ्याची वापरलेली. तिला रस्त्यात बंद पडू द्यायची नाही, आणि पडलीच तर कुणापुढं हात पसरायचा नाही, असा त्याचा बाणा. खोड चांगलीच म्हणायची. त्या चांगल्या खोडीचं पुढं काय झालं तेवढं ऐका.

वैशाखातली गोष्ट. हर्षालीला सातवा सरला होता आणि पहिल्या बाळंतपणाला तिला माहेरी, येडगावला पोचवायचं होतं. चारचाकीत तिला मळमळायचं, म्हणून मोटरसायकलच ठरली. अमृतनं ओट्यावर गोणपाट अंथरलं आणि एकेक जिन्नस मांडायला लागला. दहा-अकराचा पाना, बारा-तेराचा पाना, पकड, स्क्रू ड्रायव्हर, टायर उचकटायला दोन टामी, पंक्चरचं सामान, क्लचची वायर, चेनचं लॉक. शेवटी एक नवा प्लग आणि तो काढायचा, नळीसारखा प्लग पाना. एक थोरला पाना त्यानं पिशवीतून काढला, परत घातला, परत काढला.

"मला पोचवताय का गॅरेज काढताय?" हर्षाली उंबऱ्यात बसून हसत होती. हातात हिरवा चुडा, कपाळावर ओटीचं कुंकू.

"तुला घिऊन उनात थांबाया लागू नये, एवढंच बघतोय."

"मंग त्यो थोरला ठेवा घरी. पायाला टोचतोय माझ्या."

थोरला पाना घरी राहिला. निघताना आईनं बजावलं, दिवस मावळायच्या आत पोचा, उसात बिबटं हायेत. पोराला ते पटलं आणि दोघं भर दुपारी निघाली. आपल्याकडं हल्ली सगळी भीती बिबट्याच्या नावावर टाकली की माणूस मोकळा होतो.

हायवेला काम चाललं होतं. खड्डे, ट्रक, फुफाटा. हर्षालीच म्हणाली, कालव्याच्या कडेनं चला, रस्ता गुळगुळीत आहे. त्या रस्त्याला जिथून वळायचं, त्या फाट्यावर उमरचं गॅरेज होतं.

"उमरभाईकडं थांबा जरा," ती म्हणाली. "प्लग पाना ठिवून जावं लागतं."

"का?"

"आमच्याकडं समदी ठेवत्यात."

गॅरेजची आतली भिंत खिळ्यांनी भरलेली होती आणि खिळ्याखिळ्याला प्लग पाना टांगलेला. ओळखू यावा म्हणून कुणी दोरा बांधलेला, कुणी चिंधी. कालव्याच्या रस्त्यानं जाणारा जाताना टांगायचा, येताना घेऊन जायचा. काही पान्यांवर गंज चढला होता. ते न्यायला कुणी आलं नव्हतं.

अमृतला हसू आलं. बाकी सगळं राहू द्या आणि नेमका प्लग पाना काढा, हे कुठलं शास्त्र? उमरनं हर्षालीला माठातलं पाणी प्यायला सावलीत पाठवलं आणि हात पुसत आवाज खाली घेतला.

"माझ्या अब्बांच्या वेळची गोष्ट हाय, भाऊ. सावळेराम म्हणून एक जण बायकोला बाळंतपणाला घिऊन चालला व्हता. हीच दुपारची येळ. प्लगवर काजळी धरली, गाडी बंद. प्लग काढायचा, पुसायचा, लावायचा, एवढंच काम. पन पाना नव्हता. येणाऱ्या-जाणाऱ्याला त्यानं मागितला. ज्यांच्याकडं व्हता ते बी न्हाई म्हणले. कोण थांबणार उनाचं? बाई तिथंच गेली, पोटातल्या लेकरासकट. मग ह्यो बी उसात गेला आन परत बाहेर आलाच न्हाई."

"आणि आता?"

"आता बी मागतो. जवळ नसला तर न्हाई म्हणायचं. सीटखालचं साईड कव्हर उघडून दाखवा म्हणला तर दाखवायचं. 'बरं, जावा' म्हणतो. कुणाला काय करत न्हाई."

"मग एकदाचा देऊन टाकावा की त्याला."

"दिला व्हता एकानं. त्येला म्हणला, आज निघाला व्हय? मंग तवा का न्हाई निघाला?" उमरनं सावलीतल्या हर्षालीकडं पाहिलं. "त्याच्या मागं बहीण बसलेली व्हती. ती घरी पोचली न्हाई."

दाराशी एका जुन्या टायरवर पेठचे संपतनाना बसले होते. पांढरी दाढी वाढलेली, खांद्यावर लाल पट्ट्याचा टॉवेल. उमरनं त्यांच्याकडं नजरेनंच दाखवलं आणि त्यांची कथा हळूच सांगितली. मागल्या उन्हाळ्यात नानांनी हीच रीत हसण्यावारी नेली होती. पाना पिशवीत ठेवून गेले आणि मागं बसलेली त्यांची बायको, बयाबाई, त्या रस्त्यावरच राहिली. तेव्हापासून नाना रोज इथं येऊन बसतात आणि जाणाऱ्या प्रत्येकाच्या गाडीचं साईड कव्हर आपल्या हातानं उघडून तपासतात. दुसऱ्याचं तरी वाचावं म्हणून.

अमृतचं हसू गेलं. त्यानं पिशवीतला प्लग पाना काढला, त्याला लाल दोरा बांधला आणि खिळ्याला अडकवला. उमर बाहेर टायरात हवा भरायला लागला. नानांनी किल्ली मागून घेतली, गाडीमागं उकिडवे बसले, कव्हर काढलं, आत हात घालून चाचपलं.

"काय न्हाई. रिकामं हाय," ते म्हणाले. कव्हर बसवून किल्ली फिरवली आणि अमृतच्या हातात दिली. मग सदऱ्याच्या खिशातून एक कैरी काढून त्यांनी हर्षालीपुढं धरली. "खा पोरी. डोहाळं मारू नयेत."

हर्षाली वाकून त्यांच्या पाया पडली. नानांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ ठेवला.

कालव्याचा रस्ता खरंच चांगला होता. एका अंगाला पाणी, दुसऱ्या अंगाला पुरुषभर ऊस. हर्षाली मागं कैरी खात होती, तिच्या बांगड्या वाजत होत्या. पुढं पुढं मात्र अमृतच्या ध्यानात आलं की बांगड्यांशिवाय दुसरं काही वाजतच नाही. पाखरू नाही, मोटर नाही, उसाचं पातं हलत नाही. वारा पडलेला, आणि त्या पडलेल्या हवेत जळक्या ऑईलचा वास, जुन्या गाड्या निळा धूर सोडायच्या तसा. धूर कुठं दिसत नव्हता.

वळणावर गाडीनं दोन आचके दिले आणि ती बंद पडली.

समोरच कडेला एक जुनी मोटरसायकल उभी होती आणि तिच्याजवळ एक माणूस उकिडवा बसला होता. मळका पायजमा, बाह्या दुमडलेल्या. हाताला काळं लागलेलं. तुमच्या-आमच्यासारखाच माणूस. रस्त्यात अडल्यावर माणसाचं तोंड जसं कसनुसं होतं तसं त्याचं झालं होतं.

"पावणं," तो म्हणाला, "प्लग पाना हाय का जरा?"

हर्षालीचा हात अमृतच्या खांद्यावर आवळला.

"न्हाई, भाऊ."

"बघा की... साईड कव्हरमंदी आसंल."

"न्हाई हो. बघूनच आलोय."

"दाखवा तरी."

"दाखवा आन चला..." हर्षाली कानाशी म्हणाली.

अमृत उतरला. त्याला भीती वाटत होती, पण आतून थोडा धीरही होता. आपण रीत पाळलीय, खोटं बोललेलो नाही, नानांनी स्वतः बघितलंय. त्यानं किल्ली लावून कव्हर ओढलं.

आतून एक पुरचुंडी निसटून खाली पडली. कापड सुटलं आणि डांबरावर लोखंड वाजलं.

तो माणूस त्या प्लग पान्याकडं बघत राहिला.

"व्हता की," तो माणूस म्हणाला. आवाजात राग नव्हता. "मंग न्हाई का म्हणला?"

"मला... मला ठावं नव्हतं. आईशपथ ठावं नव्हतं."

"त्या दिशी बी समदे आसंच म्हणले."

"घ्या ना. घ्या ह्यो. मीच काढून देतो तुमचा प्लग..."

"आता?" तो माणूस अमृतकडं बघत नव्हता. त्याच्या खांद्यावरून मागं, हर्षालीच्या पोटाकडं बघत होता. मग तो उठला आणि पायजम्याला हात पुसले. "ऱ्हाऊ द्या. जावा तुमी. उनाचं थांबू नगा."

अमृतनं मागंपुढं पाहिलं नाही. पाना तिथंच टाकून त्यानं किक मारली, गाडी सुरू झाली, आणि त्यानं ती अशी पिळली की पोटुशी बाई मागं आहे याचंही त्याला भान राहिलं नाही. मग भान आलं. वेग कमी केला. खांद्यावर हात होता. मागं वजन होतं. खड्ड्यातून गाडी गेली की बांगड्या वाजत होत्या.

"भ्यालीस का गं?"

"हूं."

"झालं, आलंच गाव."

"हूं."

सुटलो, असं त्याला मनापासून वाटलं. अंगावरचा घाम वाऱ्यानं गार लागला. आयुष्यात एवढा आनंद त्याला कशाचाच झाला नव्हता.

येडगावात सासू, गोजरबाई, भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभीच होती. लेक पहिल्या बाळंतपणाला येणार, ओवाळून घरात घ्यायची. गाडी अंगणात थांबली तशी ती पुढं आली, आणि तिचा तुकडा धरलेला हात वरच राहिला.

"पावणं," ती म्हणाली, "एकलंच आलाव? हर्षाली कुठंय?"

अमृतनं वळून बघितलं. मागच्या सीटवर ती लाल पट्ट्याच्या कापडाची पुरचुंडी होती, पान्यासकट नीट बांधलेली. तिच्याशेजारी अर्धी खाल्लेली कैरी. चावल्याची जागा अजून ओली होती.

पुढचं सगळं तुमच्या कल्पनेत येईल तसंच झालं. पोलिसांनी अमृतला बसवून ठेवलं, विचारून विचारून भंडावलं. कालव्याचं पाणी बंद करून तळ पाहिला. ऊस धुंडाळला. वनखात्याची माणसं बिबट्याचे ठसे शोधून गेली. काही मिळालं नाही. ह्यानंच पोरीला मारून टाकलं असं येडगावात उघड बोललं जाऊ लागलं आणि निरगुडसरात दबक्या आवाजात. गोजरबाईनं तो तुकडा फेकला नाही, वाळवून ठेवला. जावयाचं तोंड मात्र पुन्हा पाहिलं नाही.

अमृत उमरकडं गेला. कापड पुढं टाकलं. उमरनं ते उलटंपालटं केलं आणि त्याचा चेहरा उतरला.

"नानांचा टॉवेल," तो म्हणाला. "निम्मा."

"कुठं हायेत नाना?"

"तू गेलास त्या दिवसापासून आलं न्हाईत." उमर जमिनीकडं बघत म्हणाला, "ओतूरच्या बाजारात दिसलं म्हणत्यात, गाडीवर. मागं... मागं बयाबाई व्हती म्हणत्यात. तोंडावर पदर घेतलेला."

पेठला नानांचं घर गावाच्या कडेला होतं. अमृत टामी घेऊन गेला होता. का घेऊन गेला होता हे त्यानं कुणापासून लपवलं नाही, आणि मीही लपवत नाही. नाना ओसरीवर बसले होते, स्वयंपाकघराच्या दाराकडं पाठ करून. आत भाकरी थापण्याचा आवाज चालला होता. थाप, थाप, थाप. अमृत उभा राहिला तेवढा वेळ तो आवाज थांबला नाही. धूर नव्हता. भाकरीचा वासही नव्हता.

"मार," नाना म्हणाले. "मी काय हालत न्हाई."

"ती पोटुशी व्हती, नाना."

"म्हणून तर. माझी म्हातारी. तिला कोण ठेवून घेतंय, तशी गावल्यावर?" नानांनी मान वळवली नाही. "त्येला एक लागतं. दुसरं मिळालं की पयलं सोडतो. तुज्याआधी बी धाडून बघितली. खोटं बोलणारी धाडली, पाना देणारी धाडली. तेंच्या मागं बसलेली बी त्येनं ठिवून घेतली, पन माझी सोडली न्हाई. ज्याला ठावंच न्हाई त्याच्याकडं पाना निघाला पायजे. त्येला त्येच गोड लागतंय."

"का?"

"त्येलाच इचार." नाना म्हणाले, "मला हे कुणी सांगितलं न्हाई. वरीस गेलं माझं शिकण्यात. तुला सांगतोय, हे उपकार समज. आन एक. आली की मागं बघायचं न्हाई. कवाच न्हाई."

अमृतच्या हातात टामी होती आणि समोर म्हाताऱ्याचं उघडं डोकं. आतली थाप थांबली. एका बाईच्या आवाजानं हळूच विचारलं, "गेला का?"

नानांच्या कपाळावर घाम फुटला होता. त्यांनी मागं बघितलं नाही. अमृत टामी घेऊन तसाच परतला.

त्यानंतर उमरच्या दारातला टायर रिकामा राहिला नाही. अमृत तिथं येऊन बसायला लागला. लोकांना कीव यायची. बिचाऱ्याची बायको गेली, तरी दुसऱ्याच्या बायकापोरींची काळजी करतोय, असं म्हणून जाणारे-येणारे त्याला चहा पाजायचे. तो प्रत्येकाचं साईड कव्हर उघडून बघायचा, खरंच नीट बघायचा, आणि पाना निघाला तर काढून टांगायचा. सगळा पावसाळा त्यानं असाच काढला. खिशात पुरचुंडी असायची, पण हात तिथवर जायचा नाही. माणूस वाईट नव्हता, हे मी आजही म्हणेन.

मार्गशीर्षातल्या एका दुपारी एक जोडपं आलं. मंचरचा ऋषी आणि त्याची बायको श्रेया. नवं लग्न, ओझरच्या गणपतीला निघालेले. ऋषीनं पान्यांची एक नवीकोरी पिशवी घेतली होती आणि तिच्यातलं काय न्यावं, काय ठेवावं हे त्याला कळत नव्हतं. त्यानं ती अमृतपुढं उघडली.

अमृतनं गोणपाट अंथरलं. एकेक जिन्नस हातात घेऊन समजावून सांगितलं. हा दहा-अकराचा, हा लागतोच. पकड राहू द्या. हा थोरला नका नेऊ, ताईंच्या पायाला टोचंल. आणि हा प्लग पाना इथं टांगा. का, तेही सगळं सांगितलं. श्रेयानं ऐकून नवऱ्याचा दंड धरला.

"दादा, बरं झालं तुम्ही भेटलात," ती म्हणाली. पिशवीतून पेढा काढून तिनं त्याच्या हातावर ठेवला. "तुमच्या घरी कोण कोण असतं?"

"बायको," अमृत म्हणाला. "येतीच हाय आता."

मग त्यानं किल्ली मागून घेतली आणि गाडीमागं उकिडवा बसला. उमर पुढच्या टायरात हवा भरत होता. कव्हर निघालं. आत काही नव्हतं. अमृतचा हात खिशात गेला, लाल पट्ट्याचं कापड बाहेर आलं, आत सरकलं. कव्हर बसलं, किल्ली फिरली.

त्यानं वर बघितलं तेव्हा उमर त्याच्याकडंच बघत होता. टायर केव्हाच भरला होता.

"अमृत..." उमर म्हणाला.

अमृत उठून उभा राहिला. उमरच्या तोंडातून पुढं काही आलं नाही. त्याची थोरली लेक झेबा त्याच रस्त्यानं रोज कॉलेजला जायची, आणि सावळेरामाकडं दुसरं कुणी असलं की आपली लेक वाचते, असा त्याचा हिशोब असावा.

"काय न्हाई. रिकामं हाय," अमृतनं ऋषीला सांगितलं. "जपून जावा."

गाडी कालव्याच्या रस्त्याला लागली. श्रेयानं वळून हात हलवला. गाडीचा आवाज ऐकू येईनासा झाला तशी अमृतनं आपली गाडी निरगुडसरच्या तोंडाला लावली, वर बसला आणि हँडल धरून समोर बघत राहिला. पेढा त्याच्या मुठीत तसाच होता.

ऊन कलायला लागलं तेव्हा मागचे शॉकॲब्सॉर्बर दबले. कुणीतरी सावकाश, जपून बसलं. मार्गशीर्षात कुठल्याच झाडाला कैरी नसते, पण कैरीचा आंबट वास आला. बांगड्या वाजल्या. दोन हात त्याच्या दोन खांद्यांवर येऊन टेकले, ओळखीचे, आणि अमृतला रडू फुटलं.

मग मानेवर, केसांच्या खाली, तिसरा हात आला. इवलासा आणि ओला.

अमृतनं मागं बघितलं नाही. त्यानं किक मारली आणि गाडी पहिल्याच फटक्यात सुरू झाली.